येशू क्रूसावर हरला की जिंकला? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गुड फ्रायडे जवळ आला की हे प्रश्न परत परत येतात, चर्चला जाणाऱ्यांकडून पण आणि ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही अशांकडून पण, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहितोय. मी स्वतः विश्वास ठेवणारा आहे, त्यामुळे तटस्थ अभ्यासकाची भाषा इथे मिळणार नाही, पण इतिहास कुठला आणि विश्वास कुठला हे जमेल तिथे वेगळं सांगितलंय.

एका माणसाला खिळे ठोकून मारलं आणि तुम्ही त्याला विजय म्हणता. हे कसं काय?

प्रश्न रास्त आहे आणि पहिल्या शतकातल्या लोकांनाही तो पडलाच होता, सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल ह्याने तर करिंथ शहरातल्या मंडळीला सरळ लिहिलंय की क्रूसाची गोष्ट यहूद्यांना अडखळण वाटते आणि बाकीच्यांना मूर्खपणा वाटतो.

आता असं बघा, दुष्टाईला नक्की काय हवं असतं? नुसतं मारून तिचं समाधान होत नाही, तिला समोरच्याला आपल्यासारखं करायचं असतं. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने पण द्वेष करावा, खोटं बोलावं, सूड घ्यावा, निदान स्वतःचा जीव वाचवायला सत्य सोडावं. येशूवर त्या एका रात्रीत आणि दिवसात तिने होतं नव्हतं ते सगळं वापरलं: जवळच्या मित्राने पकडून दिलं, दुसऱ्या मित्राने ओळख नाकारली, खोटे साक्षीदार उभे केले, ज्याला हा निर्दोष आहे हे माहीत होतं त्या न्यायाधीशाने हात धुतले, जमाव चिथावला, फटके, थट्टा, आणि शेवटी मरण. आणि इतकं करून त्याच्या तोंडून काय निघालं, तर "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." तिच्याकडचं सगळं संपलं आणि जे हवं होतं तेच मिळालं नाही. विजय म्हणतो तो हाच, आणि मग तिसऱ्या दिवशी मरणाला पण त्याला धरून ठेवता आलं नाही.

म्हणजे खरा विजय पुनरुत्थानात, मरणातून परत उठण्यात, झाला ना? क्रूसावर तर हारच झाली, नंतर निकाल फिरला.

असं पुष्कळ जण समजतात, की शुक्रवारी हरला आणि रविवारी जिंकला. पण नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतर लिहिलेला भाग, तसं बोलत नाही. त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, येशू मरणाच्या आधीच म्हणतो की आता ह्या जगाच्या अधिपतीला बाहेर टाकलं जाईल, आणि मला उंच केलं की मी सगळ्यांना माझ्याकडे ओढून घेईन. हे "उंच करणं" म्हणजे क्रूसावर चढवणं, हे योहान लगेच पुढच्या वाक्यात सांगतो. शेवटचे शब्द पण बघा, "पूर्ण झाले आहे". काम संपवलेल्या माणसाचे शब्द आहेत हे.

पण उलट्या टोकाला पण जाऊ नका. पौल म्हणतो ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. रविवार नसता तर शुक्रवारी काय झालं ते कोणाला कळलंच नसतं, आणखी एक सज्जन माणूस मारला गेला एवढंच उरलं असतं. पुनरुत्थानाने तो विजय उघड केला आणि मरणाचं कुलूप आतून तोडलं, त्यामुळे दोन्ही मिळून एकच घटना धरा.

त्या काळी क्रूस म्हणजे नेमकं काय होतं?

हे समजल्याशिवाय बाकीचं काही समजत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आज क्रूस गळ्यात असतो, भिंतीवर असतो, रोमन साम्राज्यात मात्र ती गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती, आणि तिचा हेतू मारणं कमी आणि दाखवणं जास्त असा होता. स्पार्टाकस ह्या गुलामाचं बंड मोडल्यावर ख्रिस्तपूर्व 71 मध्ये कापुआ ते रोमच्या रस्त्यावर सहा हजार लोकांना क्रूसावर टांगलं होतं, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाने बघावं म्हणून. यरुशलेममध्ये 1968 साली त्या काळातल्या एका माणसाच्या टाचेचं हाड सापडलं, त्यात खिळा तसाच अडकलेला आहे. म्हणजे ही दंतकथा नाही. येशूला मरणाची शिक्षा देणारा पंतय पिलात हा पण खराच माणूस, इसवी सन 26 ते 36 यहूदियाचा रोमन अधिकारी, त्याच्या नावाचा कोरलेला दगड कैसरियात 1961 मध्ये सापडला.

क्रूस सांगत होता की सत्ता आमची आहे आणि तू कोणी नाहीस. त्यात यहूदी माणसाला आणखी एक धक्का, कारण नियमशास्त्रात, म्हणजे यहूद्यांच्या धर्मग्रंथात, लिहिलंय की झाडावर टांगलेला माणूस देवाने शापलेला असतो. म्हणजे रोमच्या दृष्टीने संपला आणि धर्माच्या दृष्टीने पण संपला.

आणि अशा ह्या गोष्टीबद्दल पौल कलस्सैकरांच्या पत्रात काय लिहितो? की देवाने सत्तांना आणि अधिकाऱ्यांना नि:शस्त्र केलं, त्यांचं उघड प्रदर्शन केलं आणि क्रूसावर त्यांच्यावर जय मिळवून मिरवणूक काढली. वाचणाऱ्यांना मिरवणूक म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं. रोमन सेनापती जिंकून आला की रथातून मिरवायचा आणि हरलेला राजा साखळदंडात पुढे चालायचा, गॉल लोकांचा नेता वेर्किंगेतोरिक्स ख्रिस्तपूर्व 46 मध्ये सीझरच्या मिरवणुकीत असाच फिरवला गेला आणि मग मारला गेला. येशूला पण सैनिकांनी जांभळा झगा घातला, काट्यांचा मुकुट घातला, राजा म्हणून सलाम केला, शहरातून चालवत नेलं. बघणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की हा साखळदंडातला कैदी आहे. पौल म्हणतो, नाही, रथात हाच होता.

विजय नक्की कोणावर? सैतान वगैरे खरंच मानायचं का?

नव्या करारात शत्रूंची नावं साधारण चार येतात: पाप, मरण, सैतान, आणि ज्यांना पौल "सत्ता व अधिकार" म्हणतो ते. हे चौघं एकमेकांत गुंतलेले आहेत. इब्री लोकांच्या पत्रात तर एकाच वाक्यात आहे, की येशू माणूस झाला तो मरणावर सत्ता चालवणाऱ्या सैतानाला मरणाच्याच द्वारे निकामी करायला, आणि मरणाच्या भीतीने आयुष्यभर गुलामीत असलेल्यांना सोडवायला.

सैतान शिंगं आणि शेपटी असलेला प्राणी म्हणून डोळ्यांसमोर येत असेल तर ते चित्र शास्त्रातलं नाही, ते सोडून द्या. पण एवढं तर कोणीही बघू शकतो की दुष्टाई काही वेळा एकेका माणसाच्या इच्छेपेक्षा मोठी होऊन बसते. मुख्य यहूदी याजक कयफा ह्याला वाटत होतं तो राष्ट्र वाचवतोय, पिलाताला नोकरी सांभाळायची होती, सैनिक हुकूम पाळत होते, लोक इतर लोक ओरडतात म्हणून ओरडत होते. स्वतःला राक्षस समजणारा त्यात एकही नव्हता, तरी निर्दोष माणूस मेला. त्या सगळ्यांना एका दिशेने ढकलणारं जे काही आहे त्याला ख्रिस्ती परंपरा नाव देते, आणि मला ते नाव देणं योग्य वाटतं, कारण नाव दिलं नाही तर आपण समोरच्या माणसालाच शत्रू समजून बसतो. इफिसकरांच्या पत्रात म्हटलंच आहे की आपलं झगडणं रक्तामांसाशी नाही.

आम्हाला तर शिकवलं की येशूने आमच्या पापांची शिक्षा घेतली. मग हे वेगळं काय सांगताय?

वेगळं नाही, त्याच क्रूसाची दुसरी बाजू सांगतोय. शास्त्रात दोन्ही आहे. यशयाच्या 53 व्या अध्यायात तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला असं आहे, आणि उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात स्त्रीची संतती सर्पाचं डोकं फोडेल असं पण आहे. पौलाने तर दोन्ही लागोपाठ ठेवलंय: आधी आपल्या विरोधात असलेला कर्जाचा लेख देवाने क्रूसावर खिळून रद्द केला, आणि लगेच सत्तांना नि:शस्त्र केलं. म्हणजे आपल्यावर आरोप ठेवायला सैतानाकडे जो कागद होता तोच गेला. क्षमा हेच त्याच्या हातातलं शस्त्र काढून घेणं आहे, म्हणून मला तरी ह्या दोन गोष्टींमध्ये भांडण दिसत नाही.

फक्त शिक्षेचीच बाजू सांगितली तर एक अडचण होते, ऐकणाऱ्याला वाटतं की देव रागावलेला होता आणि कोणालातरी मारल्याशिवाय शांत होणार नव्हता. तसं नाहीये. देव ख्रिस्तामध्ये स्वतःच आला, मार खाणारा तोच आहे. हे विसरलं की सगळंच बिघडतं.

ही शिकवण नवीन आहे का? आधी कधी ऐकली नाही.

उलट फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात लिओंचे बिशप आयरेनियस लिहितात की आदामाने जिथे जिथे माती खाल्ली तिथून ख्रिस्त परत चालत गेला, झाडापाशी झालेला आज्ञाभंग त्याने झाडावरच्या आज्ञापालनाने दुरुस्त केला. पुढची कित्येक शतकं, विशेषतः पूर्वेकडच्या चर्चमध्ये, हाच सूर मोठा होता आणि तिथे आजही आहे, इस्टरला ऑर्थोडॉक्स लोक गातात की ख्रिस्ताने मरणाने मरणाला तुडवलं.

पश्चिमेकडे 1098 च्या सुमाराला कँटरबरीचे आर्चबिशप अॅन्सेल्म ह्यांनी वेगळी मांडणी केली, की पापाने देवाचा मान हिरावला आणि त्याची भरपाई माणसाने द्यायला हवी पण देऊ फक्त देवच शकतो. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळे झालेल्या सुधारकांच्या काळात त्यात कोर्टाची भाषा आली, गुन्हा, शिक्षा, निर्दोष ठरवणं. त्या सुधारकांपैकी लूथर मात्र पाप, मरण आणि सैतान ह्यांच्याशी झालेल्या लढाईबद्दल पण तितक्याच जोरात बोलतो. मग 1930 मध्ये गुस्ताफ ऑलेन नावाच्या स्वीडिश लूथरन अभ्यासकाने पुस्तक लिहून सांगितलं की विजयाची कल्पना हीच मूळ कल्पना आहे आणि आपण तिला अडगळीत टाकलंय. त्याने इतिहास जरा जास्तच सरळ रेषेत मांडला असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं, ते खरं आहे, पण त्याच्यामुळे हा विषय परत टेबलावर आला हे मान्य करायलाच हवं.

बायबलमध्ये येशूने खंडणी दिली असं आहे. ती कोणाला दिली, सैतानाला?

येशू म्हणतो की मी पुष्कळांच्या मुक्तीसाठी मोल म्हणून आपला जीव द्यायला आलोय. कोणाला द्यायला ते तो सांगत नाही. पुढे लोकांना राहवलं नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती अभ्यासक ओरिजेन ह्याला वाटलं सैतानाला दिली. चौथ्या शतकात नीसाच्या ग्रेगरीने म्हटलं की सैतानाने माणूसपणाचं आमिष गिळलं आणि आत लपलेल्या देवपणाच्या गळाला अडकला, आणि ऑगस्टीनने क्रूसाला सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा म्हटलं. चित्रं म्हणून ती जबरदस्त आहेत, पण व्यवहार म्हणून घेतली तर देव फसवणूक करतो असं होतं, आणि ते मला पटत नाही.

त्याच काळातल्या दुसऱ्या ग्रेगरीने, नाझियान्झसच्या, हे सगळं उडवून लावलं. तो विचारतो, चोराला खंडणी, आणि ती पण स्वतः देव? आणि पित्याला दिली म्हणावं तर पित्याने आपल्याला कैद केलंच नव्हतं, ज्याने अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळी घेतला नाही त्याला पुत्राच्या रक्ताची हौस असेल का? मला त्याचं म्हणणं पटतं. मिसरच्या गुलामीतून देवाने इस्राएलाला "मोल देऊन" सोडवलं असं जुना करार म्हणतो, पण फारोला एक पैसा दिला नव्हता. सोडवायला किंमत पडली एवढाच त्याचा अर्थ, आणि ती देवाला पडली.

देव सर्वशक्तिमान आहे तर सैतानाला सरळ ताकदीने का नाही संपवलं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

ताकदीने जिंकायचा प्रस्ताव येशूपुढे आला होता, तोही सैतानाकडूनच. अरण्यात तो म्हणतो, मला नमन कर, जगातली सगळी राज्यं तुला देतो. येशूला पकडायला आले तेव्हा गेथशेमानेच्या बागेत त्याचा शिष्य पेत्र ह्याने तलवार काढली आणि एकाचा कान कापला, येशूने तलवार म्यानात घालायला लावली आणि तो कान बरा केला. तो म्हणाला की मागितलं असतं तर देवदूतांच्या बारा पलटणींपेक्षा जास्त मिळाल्या असत्या. म्हणजे ताकद नव्हती म्हणून मेला असं नाही.

दुष्टाईला तिच्याच शस्त्राने मारलं तर ते शस्त्र जिंकतं. एक जुलमी जातो, दुसरा बसतो, इतिहासात हे किती वेळा झालं ते सांगायला नको. आणि दुसरं म्हणजे दुष्टाई बाहेर कुठेतरी वेगळी बसलेली नाहीये, ती आपल्यात पण आहे, देवाने तिला जोरजबरदस्तीने एका फटक्यात पुसायचं ठरवलं तर आपण शिल्लक राहणार का? त्यामुळे त्याला असा मार्ग हवा होता ज्यात दुष्टाई मरेल आणि दुष्ट माणूस वाचेल. क्रूस सोडून दुसरा असा मार्ग मला तरी दिसत नाही.

प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात हे एका दृश्यात आहे. योहानाला सांगतात, रडू नको, यहूदाच्या वंशाचा सिंह जिंकलाय. तो वळून बघतो तर तिथे वधलेला कोकरा उभा. त्यानंतर त्या पुस्तकात त्याला परत सिंह म्हटलेलं नाही, कोकरा हेच नाव शेवटपर्यंत येतं.

"माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे तर हरलेल्या माणसाचं ओरडणं आहे.

ते खरंखुरं ओरडणं आहे आणि त्याला गोड करून सांगू नये. ती 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे आणि ते स्तोत्र शेवटी सुटकेकडे जातं हे खरं, पण येशूला आतून काही झालंच नाही असा त्याचा अर्थ काढू नका. जिथे देव नाही असं वाटतं त्या सगळ्यात खोल जागेपर्यंत तो गेला. आणि तिथून पण "माझ्या देवा" अशीच हाक मारली, नातं सोडलं नाही. सैतानाला तेच तर तोडायचं होतं.

शुक्रवार आणि रविवारच्या मध्ये काय झालं?

प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीत, "तो अधोलोकात (मेलेल्यांच्या जागी) उतरला" असं आपण म्हणतो आणि बहुतेक वेळा पटकन पुढे जातो. पूर्वेकडच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाचं मुख्य चित्रच हे आहे: ख्रिस्त मोडलेल्या दारांवर उभा आहे, खाली कुलपं आणि किल्ल्या विखुरल्यात, आणि तो आदाम आणि हव्वेला मनगटाला धरून थडग्यातून बाहेर ओढतोय. इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमध्ये (आता तिथे मशीद आहे) चौदाव्या शतकातलं असं एक भित्तिचित्र आहे. मनगटाला धरलंय हे नीट बघा, म्हणजे त्यांच्या हातात पकडायची ताकद नाहीये, धरणारा तोच आहे. तिथे नेमकं काय घडलं ह्यावर चर्चमध्ये मतभेद आहेत, पण तो मेलेल्यांपर्यंत पोचला ह्यावर नाहीत.

मग येशूला मारायला यहूदी लोक जबाबदार होते का?

नाही. येशू यहूदी, त्याची आई यहूदी, बाराही शिष्य यहूदी. मृत्युदंड रोमन अधिकाऱ्याने दिला, रोमन पद्धतीने दिला. ह्या आरोपावरून ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं यहूद्यांचा भयानक छळ केलाय आणि ते पाप आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये अधिकृतपणे सांगितलं की त्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येणार नाही.

ख्रिस्ती राजांनी तर क्रूस घेऊनच लढाया केल्या. हा कसला विजय?

ह्याचं समर्थन मी करणार नाही. क्रूसेडर, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती सैनिक, 1099 मध्ये यरुशलेममध्ये शिरले आणि कत्तल केली, कपड्यांवर क्रूस शिवून. अरण्यात येशूने जे नाकारलं ते त्याच्या नावाने घेतलं, म्हणजे सैतानाचा प्रस्ताव मान्य केला. क्रूसाचा विजय समजून घ्यायचा तर हा इतिहास डोळ्यासमोर ठेवूनच समजून घ्यावा लागतो, झाकून नाही.

विजय झाला तर जगात अजून एवढं वाईट का चाललंय?

ऑस्कर कुलमान नावाच्या अभ्यासकाने दुसऱ्या महायुद्धानंतर एक उदाहरण दिलं जे खूप वापरलं जातं. दोस्त फौजा 6 जून 1944 ला नॉर्मंडीत उतरल्या आणि युद्धाचा निकाल तिथेच लागला असं म्हणतात, पण युरोपात युद्ध संपलं 8 मे 1945 ला, आणि मधल्या महिन्यांमध्ये भयंकर माणसं मेली. आपण त्या मधल्या काळात आहोत. पौल म्हणतोच की शेवटचा शत्रू मरण, आणि तो अजून नष्ट व्हायचाय.

हे उत्तर पूर्ण आहे असं मी म्हणत नाही. ज्याचं मूल गेलंय त्याला तारखा सांगून उपयोग नसतो. त्याच्याजवळ बसून रडावं, येशू आपला मित्र लाजर ह्याच्या थडग्यापाशी रडला तसं, आणि हे लक्षात घ्या की पाचच मिनिटांत आपण लाजराला मेलेल्यातून उठवणार हे माहीत असून तो रडला.

म्हणजे कोणी अन्याय केला तर गप्प बसून सहन करायचं?

नाही, आणि हे मी ठळकपणे सांगतो कारण क्रूसाचं नाव घेऊन मार खाणाऱ्या बायकांना, मुलांना, नोकरांना गप्प बसवलं गेलंय. महायाजकासमोर येशूला एका शिपायाने चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, त्याने विचारलं की मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने आपला जीव स्वतःहून दिला, "कोणी तो माझ्यापासून घेत नाही" असं तो म्हणतो. जिथे तुम्हाला पर्यायच दिलेला नाही तिथलं सहन करणं म्हणजे क्रूस उचलणं असं कोणी शिकवत असेल तर ऐकू नका. सुरक्षित जागी जा, तक्रार करा, मदत मागा. नाही म्हणायचंय ते फक्त द्वेषाला.

ते कसं दिसतं ह्याचं एक उदाहरण: अमेरिकेत चार्ल्सटन इथल्या एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये 17 जून 2015 ला बायबल अभ्यासाला बसलेल्या 9 जणांना एका गोऱ्या तरुणाने वंशद्वेषातून मारलं. दोन दिवसांनी कोर्टात त्यांच्यातल्या काहींच्या नातेवाईकांनी त्याला तोंडावर सांगितलं की आम्ही तुला क्षमा करतो. खटला चालला, शिक्षा झाली, क्षमेने न्याय थांबला नाही. आणि ज्यांना तेव्हा क्षमा करता आली नाही त्यांना पण कोणी नावं ठेवू नयेत. पण त्या तरुणाला वंशांमध्ये युद्ध पेटवायचं होतं, आणि ते पेटलं नाही.

घरात क्रूस लावला की वाईट शक्ती येत नाहीत का?

लाकडात ताकद नाही. लावा, प्रार्थना करायची आठवण राहते म्हणून.

बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाला नाकारायला का लावतात?

कारण बाप्तिस्मा, पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, म्हणजे बाजू बदलणं. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेला तोंड करून हात पुढे करायचा आणि सैतानाला समोर असल्यासारखं नाकारायचा, मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करायचा. विजय आधीच झालाय, आपण फक्त कोणाच्या बाजूला उभं राहायचं ते सांगतो. आणि ते एकदा सांगून भागत नाही हे कोणीही ख्रिस्ती माणूस सांगेल, रोज परत वळावं लागतं.

विश्वास आहे तरी मला मरणाची भीती वाटते. मग हा विजय माझ्यापर्यंत पोचलाच नाही का?

भीती वाटणं म्हणजे हार नाही. गेथशेमानेत येशू स्वतः अतिशय व्याकूळ झाला होता, हा प्याला माझ्यापासून दूर कर असं त्याने बापाकडे मागितलं. इब्री पत्रात भीतीच्या गुलामीतून सुटका असं म्हटलंय, आणि गुलामी म्हणजे भीती सांगेल तसं वागणं, जीव वाचवायला खोटं बोलणं, कोणाला तरी पुढे ढकलणं, उद्याच्या धास्तीने आज मुठी आवळून बसणं. भीती आत असताना पण तिचं न ऐकणं जमायला लागतं, हळूहळू, आणि एकट्याने नाही, इतरांबरोबर प्रार्थना करून. "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" हे पौलाने लिहिलं तेव्हा तो सुरक्षित जागी बसलेला नव्हता, त्याच अध्यायात तो म्हणतो मी रोज मरतो. तुम्हाला भीती वाटते हे बापाला तसंच सांगा, ज्या शब्दांत येतं त्या शब्दांत.